सारायेव्हो बघायचं तर कुठल्या क्रमाने बघायचं

बहुतेक लोक सारायेव्होला, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीला, येतात ते डुब्रोवनिक नाहीतर मोस्तारकडून, एका दिवसासाठी, आणि बॅग टाकली की पहिली गोष्ट काय करतात तर वॉर टूर, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धाच्या जागांची फेरी. चार तासात बोगदा, कबरी, गोळ्यांच्या खुणा असलेल्या बिल्डिंगी, मग घाईघाईत चेवापी खायच्या आणि संध्याकाळची बस पकडायची. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम साफ उलटा आहे. आधी शहर बघा, खा, बसा, लोक कसे राहतात ते बघा, आणि मग दुसऱ्या दिवशी युद्धाकडे वळा. पहिल्या दिवशी ज्या गल्लीत तुम्ही कॉफी प्यायलात त्याच गल्लीच्या शेजारी तोफगोळा पडला होता हे दुसऱ्या दिवशी कळतं तेव्हा ते पोचतं, नाहीतर सगळं म्युझियमच्या काचेआडचं राहतं. म्हणून कमीत कमी दोन रात्री, जमल्यास तीन. खाली सगळं त्याच क्रमाने लिहितोय.

आधी कागदपत्रांचं उरकू. भारतातून डायरेक्ट विमान नाही, इस्तंबूल नाहीतर व्हिएन्नासारख्या ठिकाणी बदलून जावं लागतं. बोस्निया युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनमध्येही (एका व्हिसावर फिरता येणारा युरोपातला देशांचा गट) नाही. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, पण चालू मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा असेल तर त्यावर थोड्या दिवसांसाठी आत सोडतात. हे नियम बदलत असतात त्यामुळे तिकीट काढायच्या आधी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून ताजं काय ते बघून घ्या. इथे एक गोम आहे, ती नीट वाचा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे डुब्रोवनिकहून सारायेव्होला आलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि तुमचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर परत जाऊन घरचं विमान पकडायचं स्वप्न विसरा. टूरवाले हे सांगतीलच असं नाही. तसंच युरोपात घेतलेलं सिमकार्ड इथे रोमिंगमध्ये फुकट चालेल असं धरून चालू नका, बॉर्डर ओलांडली की डेटा बंद करा आणि लोकल सिम नाहीतर ई-सिम घ्या.

पैसे म्हणजे इथला मार्क, कन्व्हर्टिबल मार्क. जुन्या जर्मन मार्कला बांधलेलं चलन होतं, जर्मन मार्क गेला पण हा राहिला आणि आता एक युरो म्हणजे १.९५५८३ मार्क असा ठरलेला भाव आहे, रोज हलत नाही. हिशोब सोपा, किंमत बघायची आणि निम्मी करायची की युरो आले. कार्ड हॉटेलात आणि मोठ्या दुकानात चालतं, पण जुन्या बाजारात, बेकरीत, ट्रामच्या तिकिटाला कॅश लागते. आणि हे मार्क बोस्नियाबाहेर कोणी घेत नाही, त्यामुळे थोडे थोडे काढा.

बसने येणार असाल तर कुठलं स्टँड ते तिकिटावर बघा. बेलग्रेडकडून येणाऱ्या बऱ्याच बसेस मेन स्टँडवर जातच नाहीत, त्या पूर्व सारायेव्होच्या स्टँडवर सोडतात, जे शहराच्या दुसऱ्या टोकाला, देशाच्या दुसऱ्या भागात आहे. दुसऱ्या भागात म्हणजे खरोखरच, कारण १९९५ च्या डेटन करारानंतर हा देश दोन भागात चालतो आणि ती हद्द शहराच्या कडेने जाते, म्हणजे तुम्ही रस्ता ओलांडता आणि पाट्यांची लिपी बदलते, लॅटिनची सिरिलिक होते. घाबरायचं काही नाही, तिथून जवळच ट्रॉलीबस मिळते नाहीतर टॅक्सी. फक्त रात्री अकरा वाजता हा शोध लागू नये एवढंच.

राहायचं कुठे? बाश्चार्शियाच्या आसपास. बाश्चार्शिया म्हणजे जुना ऑटोमन बाजार, पंधराव्या शतकात इसा-बेग इसाकोविचने शहर वसवलं तेव्हापासूनचा. सपाटीवर खोली मिळाली तर घ्या, कारण नकाशात तीनशे मीटर दिसणारं अंतर सारायेव्होत उभं असतं. हे शहर म्हणजे मधे मिल्यात्स्का नदी आणि दोन्ही बाजूंनी डोंगर, घरं उतारावर चढत गेलेली, आणि गल्ल्या अशा की चाकाची बॅग ओढताना शिव्या आठवतात. आईवडील बरोबर असतील तर हे बुकिंगच्या आधी नक्की विचारा. आणखी एक, परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद करावी लागते आणि ती राहण्याच्या जागेचा मालक करतो. हॉटेलवाले करतातच, घरगुती खोली घेतली असेल तर आठवण करा.

आता पहिला दिवस. सकाळी लवकर, आठच्या आत सेबिलपाशी जा. सेबिल म्हणजे चौकातली लाकडी पाणपोई, सगळ्या फोटोत असते ती. पहिली १७५३ मध्ये बांधली होती, आत्ता आहे ती नंतरची. दहा वाजले की तिथे कबुतरं आणि ग्रुप टूर दोन्हींची गर्दी होते, सकाळी मात्र दुकानांच्या लाकडी फळ्या उघडत असतात आणि एखादा दुकानदार दारात पाणी मारत असतो, तेव्हाच बघण्यात मजा आहे. पाणी प्या, नळाचं पाणी चांगलं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

सेबिलच्या शेजारचीच गल्ली म्हणजे कझांजिलुक, तांब्याच्या कारागिरांची. आपल्या पुण्याची तांबट आळी ज्यांनी ऐकलीय त्यांना आवाजावरूनच कळेल. इथे कॉफीची भांडी, तबकं, पेले बनतात, आणि युद्धात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे पेनही विकायला असतात, मोठ्या तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांवर नक्षी काढून फुलदाण्या केलेल्या असतात. विमानात न्यायला त्या पुंगळ्या नको, सिक्युरिटीला समजावत बसाल. तांब्याची जेझ्वा, म्हणजे लांब दांड्याचं कॉफीचं भांडं, घ्यायची असेल तर आतून कल्हई आहे का बघा आणि हातात घेऊन वजन बघा, पातळ पत्र्याची मशीनमधली असेल तर लगेच कळतं. जो दुकानदार दुकानातच ठोकत बसलाय त्याच्याकडे घ्या, दोन पैसे जास्त जातील. या बाजारात अशा धंद्यावरून नाव पडलेल्या गल्ल्या बऱ्याच आहेत, सोनारांची, लोहारांची, खोगीरवाल्यांची. धंदे बरेचसे गेले, नावं राहिली. कुलूपवाल्यांची जी गल्ली होती तिथे आता सगळी खाण्याची दुकानं.

तिथून पश्चिमेकडे चालत सुटायचं. वळायचं नाही, चुकायचं नाही, एकच रस्ता. वाटेत गाझी हुस्रेव-बेग मशीद लागते, सोळाव्या शतकातली, १५३० च्या सुमाराची. प्रवाशांना आत सोडतात पण नमाजाच्या वेळा सोडून, आणि बायकांना डोक्यावर ओढणी लागते, बॅगेत एक असू द्या. मशिदीच्या बाजूला घड्याळाचा मनोरा आहे, तिथे थांबून आपल्या मनगटावरचं घड्याळ बघा. जुळणार नाही. ते बंद नाहीये, ते चांद्रवेळ दाखवतं, म्हणजे रोज सूर्यास्ताला त्यात बारा वाजतात, आणि सूर्यास्ताची वेळ सरकत जाते तसं ते घड्याळ माणूस वर चढून जुळवतो. आजही. संध्याकाळी बुडत्या सूर्याच्या वेळेला परत तिथे येऊन बघा, काटे बरोबर बारावर येतात.

थोडं पुढे गेलं की जमिनीवर एक रेघ आणि दोन बाजूंना दिशा दाखवलेल्या आहेत. रेघेच्या पूर्वेला पाहिलं तर बसकी दुकानं, कौलं, मिनार. पश्चिमेला पाहिलं तर व्हिएन्नातल्यासारख्या चार मजली इमारती. १८७८ मध्ये ऑटोमन जाऊन ऑस्ट्रिया-हंगेरी आलं, त्यांनी जुना बाजार पाडला नाही, त्याच्या टोकाला आपलं शहर जोडून दिलं, म्हणून हा सांधा इतका उघडा दिसतो. लोक तिथे एक पाय इकडे एक पाय तिकडे करून फोटो काढतात, तुम्हीही काढाल, काढा.

या एवढ्याशा पट्ट्यात मशीद, जुनं ऑर्थोडॉक्स चर्च, १५८१ चं जुनं सिनेगॉग आणि १८८९ चं कॅथलिक कॅथेड्रल, चारही चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. सिनेगॉगमध्ये आता ज्यू म्युझियम आहे. हे ज्यू लोक स्पेनमधून हाकलले गेल्यावर ऑटोमन राज्यात आले त्यांचे वंशज, आणि त्यांच्याबरोबर आलेली एक चौदाव्या शतकातली चित्रांची पोथी, सारायेव्हो हगादा, नॅशनल म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी ती मागत आले तेव्हा दर्विश कोर्कुत नावाच्या मुस्लिम ग्रंथपालाने ती लपवून बाहेर काढली. ती रोज सगळा वेळ बघायला मिळत नाही, त्यामुळे आधी वेळ विचारून जा, आणि सोमवारी म्युझियम बंद असतं.

आता खाणं, इथे जरा थांबतो कारण मराठी माणसाला इथे सगळ्यात जास्त प्रश्न पडतात. चेवापी म्हणजे बोटाएवढे भाजलेले खिम्याचे तुकडे, सोमुन नावाच्या मऊ पावात, बाजूला चिरलेला कांदा, वर हवं तर कायमाक म्हणजे सायीसारखं घट्ट. पाच नाहीतर दहा अशी ऑर्डर द्यायची. सारायेव्होत ते मुख्यतः बीफचे असतात, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत, ज्यांना चालत नाही त्यांनी त्या दुकानात सरळ चिकन मागा किंवा शेजारच्या दुकानात जा. शेजारचं दुकान म्हणजे बुरेग्जिनित्सा, आणि शाकाहारी लोकांचं कल्याण तिथेच आहे. कणकेच्या कागदासारख्या पातळ पोळ्या सारण भरून गुंडाळतात, गोल परातीत वेटोळं करतात आणि झाकणावर निखारे ठेवून भाजतात. बुरेक म्हटलं की इथे फक्त खिम्याचाच, बाकीच्या देशांत काहीही म्हणत असतील. चीजचं हवं तर सिर्नित्सा, पालक-चीजचं झेल्यानित्सा, बटाट्याचं क्रोम्पिरुशा. क्रोम्पिरुशात बटाटा, कांदा आणि मिरी, बास, पण गरम असताना बरोबर पेल्यातलं प्यायचं दही घेऊन खा आणि मग सांगा. वजनावर विकतात, एका माणसाला पाव किलो भरपूर. मांस नको हे सांगायला 'बेझ मेसा' एवढं पाठ करा, आणि सूप मागवताना पुन्हा एकदा विचारा, भाजीच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. तिखटाची सवय असलेल्यांनी घरून चटणीची डबी न्यावी, हसू नका, तिसऱ्या दिवशी आठवण येते.

कॉफीला टर्किश कॉफी म्हणू नका, बोस्नियन कॉफी म्हणा, वेटरचा चेहरा बदलतो. ती येते तांब्याच्या तबकात: जेझ्वा, कान नसलेला छोटा पेला म्हणजे फिल्जान, साखरेचे खडे, रहात लोकुम नावाच्या मऊ गोड वडीचा एक तुकडा आणि पाण्याचा ग्लास. आधी वरचा फेस चमच्याने थोडा पेल्यात घ्यायचा, मग हळू ओतायचं, साखर कॉफीत विरघळवायची नाही, खडा टोकाला बुडवून दाताखाली धरायचा आणि त्यावरून घोट घ्यायचा. तळाचा गाळ प्यायचा नाही. दूध मागायचं नाही. आणि हे सगळं दहा मिनिटात उरकायचं नाही, शेजारच्या टेबलावरचे दोघे म्हातारे एका जेझ्वावर तासभर काढतात, बिल आणून कोणी टाकत नाही. मोरिचा हान नावाची जुनी सराई आहे तिच्या अंगणात बसा, पूर्वी इथे व्यापारी घोड्यांसकट मुक्काम करायचे. एक तक्रार असायची ती म्हणजे सिगरेट, आत बसलं की धूर असायचा, तेव्हा अंगणच बरं.

संध्याकाळी पिवळ्या बुरुजावर जा, झुता ताबिया. चढ आहे पण वीस मिनिटांचा. वरून अख्खं शहर दिसतं, लोक चहा-कॉफी घेऊन सूर्यास्ताला येऊन बसतात. रमझानमध्ये इथून रोजा सोडायला तोफ उडवतात, त्या महिन्यात गेलात तर हे चुकवू नका, पोरंटोरं कान झाकून वाट बघत असतात आणि तोफ झाली की खाली मिनारांवरचे दिवे लागतात. वर जाताना वाटेत कोवाचीचं कबरस्तान लागतं, पांढऱ्या दगडांचं, आणि तारखा वाचू नका म्हटलं तरी वाचल्या जातात. बहुतेकांवर मृत्यूचं साल तेच ते, १९९२, १९९३, १९९४.

इथून दुसरा दिवस. सुरुवात वियेच्नित्सापासून करा, म्हणजे जुना टाऊन हॉल, १८९६ चा, पट्ट्यापट्ट्यांचा. नंतर तिथे नॅशनल लायब्ररी होती आणि ऑगस्ट १९९२ मध्ये डोंगरावरून आगीचे गोळे टाकून ती जाळली, लाखो पुस्तकं गेली, जळक्या कागदांची राख शहरभर पडत होती. इमारत परत उभी करून २०१४ मध्ये उघडली. आत तिकीट आहे, रंगीत काचांचं छत बघण्यासारखं आहे, बघा. समोर नदीपलीकडे इनात कुचा, हट्टाचं घर. गोष्ट अशी सांगतात की टाऊन हॉल बांधायला एका म्हाताऱ्याचं घर आड येत होतं, तो म्हणाला देतो, पण घर वीट न् वीट उचलून पलीकडच्या काठावर जसंच्या तसं लावून द्या, वर सोन्याची थैली द्या, आणि सरकारला ते करावं लागलं. आता तिथे रेस्टॉरंट आहे.

आणि आता वियेच्नित्साच्या दारातून नदीच्या कडेने पश्चिमेला चालायला लागा, कारण २८ जून १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडची गाडी याच रस्त्याने निघाली होती. सकाळी येतानाच एकदा त्याच्यावर बॉम्ब पडला होता, तो वाचला, टाऊन हॉलमध्ये भाषणं झाली, आणि मग जखमी अधिकाऱ्याला बघायला हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं म्हणून रस्ता बदलला, फक्त तो बदल ड्रायव्हरला कोणी सांगितला नाही. लॅटिन ब्रिजपाशी त्याने आधीच्या प्लॅनप्रमाणे उजवीकडे वळण घेतलं, लोक ओरडले, गाडी थांबली, आणि ती थांबली तिथेच १९ वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता, त्याने गोळ्या झाडून युवराजाला मारलं. पहिलं महायुद्ध ज्या कोपऱ्यावरून पेटलं तो कोपरा एखाद्या गल्लीच्या तोंडाएवढा आहे. तिथे छोटं म्युझियम आहे, एक खोलीच म्हणा, अर्धा तास पुरे. प्रिन्सिप क्रांतिकारक की खुनी यावर गाईडशी वाद घालू नका, कोण सांगतंय यावर उत्तर ठरतं.

पुढे मार्काले बाजार. आजही भाजीबाजारच आहे, टोमॅटो, मिरच्या, चीज. फेब्रुवारी १९९४ मध्ये इथे एका गोळ्यात ६८ माणसं गेली, मागे लाल भिंतीवर नावं आहेत, तिच्यासमोर बायका भाव करत असतात. फोटो काढायचा तर भाजीवालीला विचारून. कॅथेड्रलसमोर आणि इतर ठिकाणी फुटपाथवर गोळ्यांनी पडलेले खड्डे लाल राळेने भरलेत, त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. त्यावर पाय देऊन सेल्फी घेणारे पाहिलेत, नका घेऊ.

बोस्नियन सर्ब फौजांनी शहराला घातलेला वेढा एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १४२५ दिवस चालला. ११ हजारांवर लोक मेले. २०१२ मध्ये वीस वर्षं झाली तेव्हा मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, रिकाम्या, आणि मुलांच्या छोट्या. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट, त्या काळात युगोस्लाव्हियात (बोस्निया आधी त्याचाच भाग होता) पाठवलेल्या युनोच्या शांतिसेनेचे पहिले कमांडर सतीश नंबियार होते, मराठा लाईट इन्फन्ट्रीचे अधिकारी, आणि सुरुवातीचं मुख्यालय सारायेव्होतच होतं. जुन्या पिढीतल्या लोकांशी बोलताना भारत म्हटलं की अजून युगोस्लाव्हियाचे टिटो आणि आपले नेहरू निघतात, तरुणांना मात्र हिंदी-तुर्की सिरियलींची नावं जास्त माहीत.

बोगदा बघायला ट्रामने इलिजापर्यंत, ३ नंबर, शेवटचा स्टॉप, तिथून टॅक्सी. ट्रामचं तिकीट घेतलं की आत मशीनवर पंच करायचंच, तिकीट खिशात असून पंच नसेल तरी दंड होतो आणि तपासनीस परदेशी चेहरे बरोबर हेरतात. बोगदा १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून हातांनी खणला, साधारण ८०० मीटर, उंची दीड मीटरच्या जरा वर, वेढ्यातून बाहेर जायची एकच वाट. एका घराच्या खालून तो बाहेर निघतो आणि तेच घर आता म्युझियम. चालायला आता थोडासाच भाग उघडा आहे, वाकून चालावं लागतं, गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी विचार करा. सगळ्यात जास्त वेळ कुठे द्यायचा विचाराल तर मी म्हणेन वॉर चाइल्डहूड म्युझियम, जुन्या शहराजवळच. युद्धात लहान असलेल्यांनी दिलेल्या वस्तू, डायरी, खेळणं, आणि प्रत्येकाखाली त्या माणसाचे स्वतःचे चार शब्द. त्यानंतर लगेच दुसरं म्युझियम नको. इलिजाला गेलातच तर व्रेलो बोस्ने करून या, बोस्ना नदीचा उगम, झाडांच्या लांबलचक रस्त्याने घोडागाडीतून जाता येतं, डोकं हलकं होतं.

वेटरला, टॅक्सीवाल्याला 'तुम्ही युद्धात कुठे होतात' असं आपण होऊन विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतात, आणि बरेच सांगतात.

वेळ उरला तर त्रेबेविचची केबल कार, युद्धात मोडलेली, २०१८ मध्ये परत सुरू झाली. परदेशी लोकांना तिकीट लोकलपेक्षा बरंच महाग आहे, तरी जा. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा, काँक्रीटचा ट्रॅक जंगलात पडलाय, सगळा रंगवून टाकलेला, त्याच्यातून चालत उतरता येतं. वारा जोरात असेल तर केबल कार बंद ठेवतात. डोंगरावर मळलेली पायवाट सोडायची नाही, या देशात सुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत, आणि कवटीची लाल पाटी दिसली तर मागे फिरायचं.

कधी जायचं, तर मे-जून नाहीतर सप्टेंबर. ऑगस्टमध्ये फिल्म फेस्टिव्हल असतो, माहोल मस्त पण खोल्या महाग. डिसेंबर-जानेवारीत बर्फ छान दिसतो पण शहर खड्ड्यात असल्यामुळे धूर-धुकं अडकून बसतं, दम्याच्या लोकांनी टाळाच, आणि विमानंही धुक्यामुळे दुसरीकडे वळवतात, त्यामुळे पुढची फ्लाइट चिकटून ठेवू नका.

निघताना मोस्तारकडे जाणार असाल तर बस सोडा आणि ट्रेन घ्या, दोनेक तासांची आहे, डोंगर उतरून नेरेत्वा नदीच्या कडेने जाते. गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, म्हणून आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन वेळ विचारा, नेटवरच्या टाइमटेबलवर विसंबू नका. मोस्तारलाही मार्कच चालतात, पण तिथून क्रोएशियात उतरणार असाल तर नोटा बॉर्डरच्या अलीकडे बदलून घ्या. नाणी बदलून मिळत नाहीत, ती बेकरीत संपवा, एक क्रोम्पिरुशा बांधून घ्या, बसमध्ये गार झाली तरी खाता येते.